शून्य अपघातांचा अहवाल आणि टाकीतला आवाज

वाचकांचे प्रश्न

या वेळी विदर्भातून आलेली चार पत्रे निवडली आहेत. चौघांचे धंदे आणि अडचणी वेगळ्या असल्या, तरी चारही प्रश्न रासायनिक कारखान्यांतल्या जिवाच्या काळजीचे आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. त्या प्रश्नाला तेवढी जागा लागतेच.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या चार कारखान्यांच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्यावर आहे. बुटीबोरीला मुख्य कार्यालय आणि तुरटीचा प्लँट, चंद्रपूर जिल्ह्यात सुपर फॉस्फेट खताचा, अकोल्याला कीटकनाशके मिसळून बाटल्यांत भरण्याचा, आणि यवतमाळ जिल्ह्यात एका गावाबाहेर वापरलेले सॉल्व्हंट (द्रावक रसायने) शुद्ध करून देणारा, नुकताच विकत घेतलेला जुना प्लँट. गेल्या सहा महिन्यांत चंद्रपूर आणि यवतमाळहून ‘अपघात शून्य, निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) शून्य’ असे अहवाल आले, बुटीबोरीहून चार निअर मिस आले आणि अकोल्याहून एकतीस. संचालक अकोल्याच्या व्यवस्थापकांवर नाराज आहेत. मी प्रत्येक ठिकाणी महिन्यातून जेमतेम एकदा जाऊ शकतो. कशापासून सुरुवात करावी?
एक सुरक्षा अधिकारी, नागपूर जिल्हा

उत्तर : अकोल्याच्या व्यवस्थापकांना आधी शाबासकी द्या, आणि तुमची पुढची भेट यवतमाळला ठेवा. ज्या कारखान्यात पंप, फ्लँज, ड्रम, फोर्कलिफ्ट आणि माणसे आहेत, तिथे सहा महिन्यांत एकही गॅस्केट पाझरले नाही, कुणाचा पाय घसरला नाही, एकही व्हॉल्व्ह चुकून उघडला गेला नाही, असे होत नसते. शून्य लिहून येते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की घडलेले वर सांगायची तिथे रीत नाही, किंवा सांगणाऱ्याने कधीतरी बोलणी खाल्ली आहेत. संचालकांची नाराजी अकोल्यापर्यंत पोहोचली, तर पुढच्या महिन्यापासून तिथूनही शून्यच येऊ लागेल, आणि मग चारही ठिकाणांबद्दल तुम्ही सारखेच अंधारात राहाल. संचालकांशी हे बोलण्याचे काम तुमचेच आहे. ते लेखी करा.

त्यांना आकडे पटत असतील, तर टेक्सास सिटीचे उदाहरण द्या. अमेरिकेतील त्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण दगावले आणि १८० जखमी झाले. किरकोळ दुखापतींचे तिथले आकडे चांगले दिसत होते आणि वरिष्ठ त्यावर समाधानी होते. स्फोटाच्या आधी तिथल्या एका उंच मनोऱ्यात द्रव प्रमाणाबाहेर भरत चालला होता आणि पातळी दाखवणारे उपकरण मात्र ती उतरत असल्याचे सांगत होते. त्याच कंपनीच्या स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथच्या कारखान्यात २००० साली लागोपाठ तीन गंभीर घटना घडल्या होत्या, आणि त्यांतून निघालेले धडे टेक्सासमध्ये अमलात आले नव्हते, असे चौकशीत आढळले.

भोपाळची वायुगळती तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे, पण तिच्यातला एक भाग कमी सांगितला जातो. भोपाळला गळलेले मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन साठवणारा त्याच कंपनीचा दुसरा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील इन्स्टिट्यूट या गावी होता. तिथल्या साठवण टाकीत क्रिया हाताबाहेर जाऊन मोठा अनर्थ होऊ शकतो, असा लेखी इशारा कंपनीच्याच माणसांनी सप्टेंबर १९८४ मध्ये दिला होता. भोपाळला तो कळवला गेला नाही. २ आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळच्या टाकीत पाणी शिरले आणि नेमकी तशीच क्रिया सुरू झाली.

आता माझ्या हातून घडलेले सांगतो. १९९० च्या दशकात मी एका खत कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होतो. गंधकाम्लाची एक लोखंडी टाकी रिकामी करून संध्याकाळी पाण्याने धुतली होती, आणि सकाळी तिच्या माथ्यावर नवे नोझल जोडायला वेल्डर चढणार होता. कामाच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, माझी सही झालेली होती. वर्ध्याकडचा एक जुना फिटर टाकीला तळहात लावून उभा राहिला, मग त्याने कान लावला आणि मला हाक मारली. ‘साहेब, टाकी बोलून रायली जी,’ एवढेच तो म्हणाला. मीही कान लावला. आतून बारीक, न थांबणारा, चुलीवरच्या वरणासारखा खदखद आवाज येत होता. ९८ टक्के तीव्रतेचे गंधकाम्ल लोखंडाला फारसे खात नाही, म्हणून तर ते लोखंडी टाकीत ठेवता येते. पण तळच्या गाळात उरलेल्या आम्लात धुण्याचे पाणी मिसळले, की ते पातळ होऊन लोखंड खायला लागते आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन हलका असल्याने माथ्याखाली जमतो, म्हणजे वेल्डरची ठिणगी जिथे पडणार होती अगदी तिथेच. आम्ही काम थांबवले. मी लॉगबुकात चार ओळी लिहिल्या, फिटरला चहा पाजला आणि पाळी संपल्यावर घरी गेलो.

दोन महिन्यांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात तेच काम निघाले. टाकी तशीच धुतली गेली, वेल्डर तसाच वर चढला. माथ्याचा पत्रा उचकटला आणि तो माणूस पंधरा फुटांवरून खाली आला. जीव वाचला, एक पाय गेला. माझ्या चार ओळी माझ्याच लॉगबुकात पडून होत्या, आणि त्या कारखान्याचा फोन नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की एकाहून अधिक कारखान्यांची सुरक्षा सांभाळणाऱ्याचे मुख्य काम एका ठिकाणी कळलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणच्या रात्रपाळीतल्या माणसापर्यंत, त्याचे काम सुरू होण्याच्या आधी, पोहोचवणे हे आहे. परिपत्रकाने ते होत नाही. परिपत्रक व्यवस्थापकाच्या फायलीत जाते आणि ‘वाचले’ अशी सही होऊन परत येते. त्याऐवजी असे करा. घटना घडली की दुसऱ्या दिवसापर्यंत एका पानावर साध्या मराठीत आणि हिंदीत लिहून काढा : काय घडले, कशामुळे घडले, काय केले असते तर टळले असते. कुणाचेही नाव घालू नका. ते पान चारही ठिकाणी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला शिफ्ट इनचार्जने मोठ्याने वाचावे. त्यानंतर प्रत्येक प्लँटकडून सही न मागता एका प्रश्नाचे उत्तर मागा : आपल्याकडे अशी जागा कोणती? उत्तर टाकीच्या, पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या क्रमांकासह यायला हवे. ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे उत्तर आले, तर तिथेच जाऊन पाहा. अकोल्याच्या एकतीस नोंदी तुमच्या हातात आहेतच. पहिल्या महिन्यात त्यांतल्या पाच निवडून बाकीच्या तीन ठिकाणी हा प्रयोग करून बघा, शून्य फार दिवस टिकणार नाही.

चारही ठिकाणी काय एकसारखे असावे आणि काय नसावे, याचा विचार वेगळा करावा लागतो. परमिटचा कागद, दुरुस्तीच्या वेळी यंत्राला कुलूप आणि टॅग लावण्याची पद्धत, पाइपांचे रंग आणि सायरनचा अर्थ या गोष्टी सगळीकडे तंतोतंत सारख्या हव्यात, कारण फिटर आणि ठेकेदाराची माणसे एका प्लँटवरून दुसऱ्यावर जातात. पाइपांच्या रंगांसाठी भारतीय मानक २३७९ आहे, तेच धरा. विकत घेतलेल्या जुन्या कारखान्यात आधीच्या मालकाने मनाला येईल तसे रंग दिलेले असतात, आणि बुटीबोरीहून गेलेला माणूस पाण्याची समजून भलतीच लाइन उघडतो. धोका मात्र प्रत्येक ठिकाणचा निराळा असतो. तुरटीच्या प्लँटवर आम्लाने भाजण्याची भीती असते; सुपर फॉस्फेटमध्ये खडक फॉस्फेट आणि आम्ल एकत्र आले की फ्लोरिनयुक्त वायू सुटतात आणि वायू धुऊन काढणारा स्क्रबर बंद पडला तर ते माणसांच्या छातीत जातात; अकोल्याला विष त्वचेवाटे शिरते; यवतमाळला आग. टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटची वाफ ४ अंश तापमानालाही ठिणगीने पेटू शकेल इतकी असते, मग आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांची गोष्टच निराळी. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत नालीतून सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. एकच चेकलिस्ट चारही ठिकाणी पाठवली, तर प्रत्येक ठिकाणी निम्म्या रकान्यांत ‘लागू नाही’ असे येते, आणि त्याच सवयीने पुढे लागू असलेल्या रकान्यातही तेच लिहिले जाते.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्वतः करून पाहा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता प्रत्येक प्लँटवरचा सेफ्टी शॉवर आणि आय वॉश (अंगावर किंवा डोळ्यांत रसायन उडाले तर धुण्याचे फवारे) उघडा आणि त्या पाण्याखाली आपला हात धरा. टाकी गच्चीवर, पाइप उघड्या उन्हातून आलेला, त्यामुळे पहिले काही क्षण हाताला सोसवणार नाही इतके गरम पाणी येते. ज्याच्या डोळ्यांत कॉस्टिक उडाले आहे, त्याने ते पाणी निदान पंधरा मिनिटे डोळ्यांवर घ्यायचे असते. चटका बसला की तो दहा सेकंदांत बाजूला होतो आणि डोळा गमावतो. हे पाणी साधारण १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावे, असे या उपकरणांचे मानक सांगते. टाकीवर छप्पर आणि पाइपावर इन्सुलेशन, एवढाच उपाय आहे आणि त्याला फार खर्च येत नाही. चार प्लँटांपैकी किती ठिकाणी हात धरवला, हे संचालकांना सांगा. असला आकडा त्यांनाही चटकन कळतो.

भेटी न कळवता द्या आणि निदान एक तरी रात्री दोन वाजता द्या. बंद पडलेला प्लँट पुन्हा चालू होण्याचे दिवसही वहीत टिपून ठेवा. विशाखापट्टणमजवळ ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनची वाफ सुटून माणसे गेली, ती टाळेबंदीमुळे थांबलेला कारखाना सुरू होण्याच्या सुमारास. टाकीचे तापमान तळाशीच मोजले जात होते, वरचा थर तापत गेला तो कुणाला दिसला नाही. आपल्याकडे खत आणि कीटकनाशकांचे प्लँट हंगामी चालतात, त्यामुळे बंद-चालूचे प्रसंग जास्त येतात. शिवाय दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी लागली, की जुने हेल्पर शेतावर जातात आणि ठेकेदार नवी पोरे आणतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्येक पाळीत तीन महिन्यांहून कमी अनुभवाची किती माणसे आहेत, हा आकडा दर आठवड्याला मागवा. अपघातांच्या आकड्यापेक्षा तो तुम्हाला आधी सावध करील.

कायद्याबद्दल थोडक्यात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून, धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्यात २५० किंवा अधिक कामगार असतील तर तिथे सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. ही संख्या कारखान्यागणिक मोजली जाते, त्यामुळे शंभर-शंभर माणसांचे चार प्लँट असणारी कंपनी सक्तीतून सुटते. त्यावर विसंबू नका. प्रत्येक प्लँटवर एक तरी माणूस असा हवा, ज्याला काम थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे आणि जो त्यासाठी प्लँटच्या व्यवस्थापकाला उत्तरदायी नसून तुम्हाला आणि तुमच्यामार्फत संचालकांना उत्तरदायी आहे. उत्पादनाचा बोनस ज्याच्या हातात, त्याच्याकडूनच काम थांबवण्याची परवानगी घ्यावी लागली, तर ती वेळेवर मिळत नाही.

प्रश्न : मी टाक्या आणि ईटीपी (सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा) सफाईची कामे घेतो. एकाच कंपनीच्या तीन प्लँटांवर माझी माणसे जातात. एका ठिकाणी गॅस मीटर लावल्याशिवाय उतरू देत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी कुणी विचारत नाही. माझी मुले खेड्यातली आहेत, ती म्हणतात, विहिरीत उतरतो तसेच हे. आधी कंदील सोडून पाहतो, विझला नाही तर उतरतो. हे चालेल का?
एक ठेकेदार, अमरावती जिल्हा

उत्तर : नाही, भाऊ, कारखान्यात ही पद्धत एकदाही वापरू नका. विहिरीत कंदील विझतो तो प्राणवायू कमी असल्यामुळे, आणि एवढी एकच गोष्ट तो सांगतो. ईटीपीच्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो प्राणघातक प्रमाणात असतानाही कंदील नीट जळत राहतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होते, आणि माणसाला वाटते वास गेला म्हणजे वायू गेला. टाकीत सॉल्व्हंटची वाफ असेल, तर तुमचा कंदीलच तिला पेटवील.

उतरण्यापूर्वी चार वायू मोजणारा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी नोंद घ्या. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान हवा, पेट घेणाऱ्या वाफेचे प्रमाण तिच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांहून कमी हवे, आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली. मीटर उतरलेल्या माणसाच्या छातीवर काम संपेपर्यंत राहिला पाहिजे, कारण गाळ ढवळला की वायू नव्याने सुटतो. त्याच्या अंगावर हार्नेस, दोरी वर तिवईच्या चरखीला, आणि तोंडाशी एक माणूस केवळ पाहण्यासाठी उभा. आत उतरलेला माणूस आडवा झाला, तर वरूनच ओढा. त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेतली, तर दोघेही जातात. आपल्या भागात विहिरी उपसताना दोन भाऊ किंवा बाप-लेक एकापाठोपाठ गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

मीटर कंपनीने द्यायचा की तुम्ही घ्यायचा, हा वाद मिटेपर्यंत थांबू नका; स्वतःचा घ्या, त्याचे कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करा आणि तो खर्च दरात धरा. तिन्ही प्लँटांवर पद्धत वेगळी असल्याचे कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवा. तीन ठिकाणी तीन रीती आहेत, हे नेमके तुम्हालाच दिसते. त्यांच्या स्वतःच्या माणसांना ते दिसत नाही.

प्रश्न : माझे यजमान ठेकेदारामार्फत एका कंपनीत आहेत. पावसाळ्यात त्यांना कीटकनाशकांच्या प्लँटवर पाठवतात, बाकीचे महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या आम्लाच्या प्लँटवर. घरी आले की कपड्यांना औषधाचा वास येतो, लहान मुलगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसते. गेल्या वर्षी त्यांचे रक्त तपासले होते, पण कागद मिळाला नाही. ठेकेदार म्हणतो, तो त्या प्लँटवर राहिला. मी काय करू?
एक गृहिणी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात किती घरांवर ही वेळ आली, ते तुम्ही पाहिले असेल. शेतात जे विष पाण्यात पुष्कळ पातळ करून वापरतात, तेच कारखान्यात घट्ट स्वरूपात हाताळले जाते.

मुलीला मांडीवर घेण्यापूर्वी त्यांनी साबणाने अंघोळ करून कपडे बदलले पाहिजेत, आणि ते शक्यतो कारखान्यातच व्हायला हवे. धुण्याची सोय, कपडे बदलण्याची जागा आणि संरक्षक कपडे पुरवणे हे कारखान्याचे काम आहे, आणि ठेकेदाराच्या माणसालाही ते लागू आहे. जोवर ते मिळत नाही, तोवर कामाचे कपडे घरात न आणता बाहेर वेगळ्या पिशवीत ठेवा, हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवा, आणि ते पाणी हातपंपाच्या किंवा जनावरांच्या हौदाच्या जवळ टाकू नका. मुलीच्या कपड्यांबरोबर ते कधीही भिजवू नका.

आता रक्ताच्या कागदाचे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांमुळे रक्तातील कोलिनेस्टरेज नावाचे विकर कमी होते. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही, कारण प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते; हंगामापूर्वीचा त्यांचा स्वतःचा आकडा आणि हंगामातला आकडा यांची तुलना करावी लागते. म्हणून ‘कागद त्या प्लँटवर राहिला’ हे उत्तर मान्य करू नका. माणूस दोन प्लँटांवर फिरतो आणि त्याची नोंद एकाच ठिकाणी अडकून पडते, तेव्हा पातळी घसरलेली असतानाही पुढच्या पावसाळ्यात त्याला पुन्हा त्याच कामावर उभे केले जाते. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा करणे, त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे, ही मालकाची जबाबदारी १९८७ पासून कायद्यात लिहिलेली आहे. यजमानांच्या नावाने साधा अर्ज कंपनीला द्या, पोच घ्या, आणि उत्तर आले नाही तर त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागातील कार्यालयाकडे पाठवा. मिळालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.

खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, छातीत घरघर, उलट्या, हातपाय थरथरणे यांतले काही दिसले, तर रात्र काढू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि ग्रामीण रुग्णालयात जाताना ते कोणत्या औषधावर काम करत होते त्याचे लेबल किंवा निदान नाव बरोबर न्या. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना ॲट्रोपीन लगेच सुरू करायचे की दुसरे काही, हे ठरवता येते. ते नाव आजच एका चिठ्ठीवर लिहून घेऊन घरात डोळ्यांसमोर लावून ठेवा.

प्रश्न : आमच्या गावापासून एक किलोमीटरवर क्लोरिनचे टोनर (मोठी सिलिंडर) साठवणारा कारखाना आहे. सायरन वाजतो, पण तो सरावाचा की खरा, ते गावाला कळत नाही. कारखाना म्हणतो, आमची योजना मुख्य कार्यालयात तयार आहे. गावाने काय करावे?
सरपंच, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : मुख्य कार्यालयातली योजना तुमच्या गावाच्या उपयोगाची नाही. पुष्कळदा ती एका प्लँटसाठी लिहून बाकीच्यांना तशीच चिकटवलेली असते. मी एका योजनेत दुसऱ्याच जिल्ह्यातल्या रुग्णालयाचे नाव वाचले आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार कारखान्याने आतल्या आपत्कालीन योजनेचा सराव दर सहा महिन्यांनी करायचा असतो, आणि कारखान्याबाहेरच्या योजनेचा सराव वर्षातून निदान एकदा व्हायचा असतो. रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि त्याखाली स्थानिक गट नेमले असून, स्थानिक गटात सरपंचाला घेण्याची तरतूद आहे. तुमचे नाव त्यात आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज द्या. पहिल्या बैठकीत सायरनचाच विषय मांडा : सरावाचा आवाज कसा, खऱ्या धोक्याचा कसा आणि धोका टळल्याचा कसा, हे कारखान्याने गावात येऊन वाजवून दाखवावे.

क्लोरिन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. तो नाल्यात, खोलगट भागात आणि विहिरीत साचतो, म्हणून नाल्याच्या बाजूने पळू नये. कारखान्यातला वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा गावातून दिसत नसेल, तर शाळेच्या किंवा देवळाच्या उंच खांबावर एक लावून घ्या. वारा कारखान्याकडून गावाकडे वाहत असेल, तर वाऱ्याच्या दिशेने सरळ पुढे न पळता वाऱ्याला आडवे, चढाकडे जावे. निघणे शक्य नसेल तर घरात राहून दारे-खिडक्या लावाव्यात, फटींत ओले कापड भरावे आणि नाकातोंडावर ओला रुमाल धरावा. उन्हाळ्यात सर्वांत आधी कूलर बंद करावा. कूलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो, आणि घाबरलेल्या माणसाला दाराची आठवण होते, कूलरची होत नाही. हे आशाताई आणि अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघर सांगा.

बैठकीला जाताना गावाचा हाताने काढलेला नकाशा बरोबर न्या. शाळा, अंगणवाडी, अंथरुणाला खिळलेली माणसे असलेली घरे आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा रस्ता त्यावर लाल शाईने दाखवा, आणि त्याची एक प्रत कारखान्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत लावायला सांगा, कारण रात्री पहिला फोन तोच उचलतो.